चार कोपरांचं टेबल

“जमिनीवर बसून जेवली असती तर झिजली असती का ही माणसं?”

हे वाक्य टेबलाखालून आलं. जिन्याच्या वळणावर टेबल अडकलं होतं, टेबल आणि भिंत यांच्यामध्ये सूनबाई अडकली होती, आणि टेबलाखाली एक हमाल अडकला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. तो आपल्या जोडीदाराशी बोलत होता बिचारा. मध्ये घरची बाई चेपली गेली आहे याची त्याला कल्पना नव्हती. सूनबाईला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत सुचलं होतं. पण तसलं उत्तर द्यायला छाती भरून श्वास घ्यावा लागतो, आणि छातीवर तर टेबल होतं.

“जरा तिरकं घ्या,” वरच्या पायरीवरून नवरा म्हणाला. जिन्यातून सामान चढत असताना वर उभं राहून, एका हाताचा पंजा हवेत तिरका करून, “जरा तिरकं घ्या” म्हणणारा माणूस प्रत्येक घरात एक असतो. त्याचा हात सामानाला लागलेला कधी कोणी पाहिलेला नाही.

त्यांनी तिरकं घेतलं. ठक्क असा आवाज झाला.

“काही नाही, काही नाही,” टेबलाखालचे पाय म्हणाले.

जे झालं ते असं होतं : सहा माणसांचं, चॉकलेटी रंगाचं, कडेला बारीक नक्षी असलेलं ते टेबल घरात पोचलं तेव्हा त्याला तीन कोपरे होते. चौथा कोपरा जिन्यात एका पाकिटाएवढा राहिला होता. नवऱ्याने तो उचलून आणला आणि खिशात ठेवला. का ठेवला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सूनबाई म्हणजे या घरची सून. ऑफिसात तिला तिच्या नावाने ओळखतात, मस्टरवर सहीसुद्धा त्याच नावाने होते. पण लग्न होऊन घरात आली त्याच दिवशी सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, “सूनबाई” अशी हाक मारली आणि ती हाक अशी काही चिकटली की आता वरच्या मजल्यावरच्या काकू, इस्त्रीवाला आणि रागावला की नवरासुद्धा तिला सूनबाईच म्हणतो. आपणही तेच म्हणू.

हे टेबल ही तिची हौस होती. आयुष्यात हौस म्हणून काही मागितलं नाही असं नाही. मागितलं की “बघू” असं उत्तर यायचं आणि मग सगळे मिळून न बघता राहायचे. टेबलाच्या वेळी मात्र ती हटून बसली. कारण या घरात जेवण म्हणजे चार माणसांच्या चार पाळ्या. आप्पा आरामखुर्चीत मांडीवर ताट घेऊन जेवायचे. नवरा टीव्हीसमोर, म्हणजे टीव्ही जेवायचा आणि हा बघायचा. आई, म्हणजे सासूबाई, ओट्यापाशी उभ्या-उभ्या, “मला काही भूक नाही गं” म्हणत पोटभर; मनातलं काही बोलायचं असलं की त्या नळाकडे तोंड करून बोलायच्या. आणि सगळ्यांचं झालं की सूनबाई, पातेल्याच्या तळाशी जे उरलंय त्याच्याशी गप्पा मारत. लेक शिकायला बाहेरगावी गेल्यापासून तर त्या गप्पाही एकतर्फी झाल्या होत्या. सगळ्यांनी एका वेळी, एका जागी, एकमेकांची तोंडं बघत जेवावं, एवढंच तिला हवं होतं. फर्निचरच्या दुकानात त्या टेबलावरून हात फिरवताना तिला सहा खुर्च्या भरलेल्या दिसल्या होत्या. विक्रेत्याला वाटलं, बाई लाकूड तपासतायत.

तर कोपरा.

पहिला सल्ला वरच्या काकूंचा आला. फर्निचरच्या बाबतीत काकूंचा अधिकार मोठा, कारण त्यांच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. बसलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो, उन्हाळ्यात उठताना सोफा माणसाला सोडत नाही, पण सोफा नवा आहे, हे त्या दर वेळी सांगतात.

“अक्रोड घास,” काकू म्हणाल्या.

“काकू, अक्रोड ओरखड्याला घासतात. इथे कोपराच नाहीये.”

“मग दोन अक्रोड घास.”

सूनबाई ऑफिसला गेल्यावर आईंनी घरातल्या घरात इलाज म्हणून तुटक्या जागेला बुटाचं पॉलिश लावलं. रंग बऱ्यापैकी जुळला, पण टेबलाशी बसलं की आपण शाळेच्या तपासणीला उभे आहोत असं वाटायला लागलं. शेवटी नवऱ्याने कंपनीला फोन लावला. फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने तक्रार लिहून घेतली, दिलगिरी व्यक्त केली, दिवस चांगला जावो असं म्हटलं आणि कारागीर पाठवला.

कारागीर हसतमुख. बॅग उघडण्याआधीच “होऊन जाईल” म्हणणारा. त्याने कोपऱ्यावर लांबी, म्हणजे लाकडाच्या खाचा बुजवायचा लगदा, भरली, घासली, रंग दिला, दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला, “ओळखूच येत नाही.”

खरंच ओळखू येत नव्हतं. टेबल चॉकलेटी आणि कोपरा वांग्याच्या रंगाचा. हे टेबल आणि तो कोपरा एकाच घरातले असतील हे कोणालाही ओळखू आलं नसतं.

“वाळला की बसेल रंग,” कारागीर म्हणाला. “आणखी काही त्रास?”

इथे नवऱ्याने तोंड उघडलं. तो गप्प राहता तर गोष्ट इथेच संपली असती. पण सरकारी पत्रांचे मसुदे करण्यात त्याचा जन्म गेलेला, समोरच्याने “आणखी काही?” विचारलं की रकाना रिकामा ठेवणं त्याच्या जिवावर येतं.

“जरा डुलतं,” तो म्हणाला.

पायपुसणं झटकणारे आईंचे हात थांबले.

आता इथे फरशीबद्दल सांगायला हवं. खरं तर या घरात फरशीबद्दल बोलत नाहीत, म्हणून हळू आवाजात सांगते.

ही फरशी आप्पांनी स्वतः घातलेली आहे. घर घेतलं तेव्हा आतलं काम ज्याचं त्याने करून घ्यायचं होतं. गवंडी अर्ध्यात काम सोडून गेला, दुसरा मिळेना. तेव्हा आप्पांनी रजा काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि “यात काय आहे?” असं म्हणून सुरुवात केली. यात बरंच काही असतं हे फरशी पूर्ण झाल्यावर कळलं. तिला एकच उतार असता तर टेबल निदान एका बाजूला कलून गप्प उभं राहिलं असतं. पण आप्पांच्या फरशीत चार दिशांना चार मतं आहेत, आणि मधल्या दोन-तीन लाद्या तटस्थ. हातातून लिंबू पडलं तर ते आधी दाराकडे निघतं, मग विचार बदलून वळतं आणि सोफ्याखाली जातं. घरातली हरवलेली प्रत्येक गोल वस्तू तिथेच सापडते. फ्रीजच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे. कपाटाचं दार आपलं आपण उघडतं, तेव्हा आई “वारा सुटलाय” म्हणतात, खिडक्या बंद असल्या तरी. पलंगावर मध्यभागी झोपलेला पाहुणा सकाळी भिंतीला टेकलेला मिळतो.

एकदा, फार पूर्वी, आईंचे भाऊ आले होते. ते चहा पिता-पिता म्हणाले, “फरशी झकास, पण जहाजात बसल्यासारखं वाटतं बुवा.” आप्पा उठून आत गेले आणि मेव्हणे जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. तेव्हापासून विषय बंद. सूनबाईचं लग्न झाल्यावर नवऱ्याने तिच्या कानाशी येऊन सांगितलेली पहिली गोष्ट हीच. तिला वाटलं काहीतरी गोड असणार, ती लाजलीसुद्धा. तो म्हणाला, “फरशीबद्दल बोलायचं नाही.”

तर नवरा “डुलतं” म्हणाला, आणि कारागिराने बॅगेतून पाणसळ काढली. म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, जी ठेवली की सपाट काय आणि तिरकं काय ते लगेच कळतं. त्याने ती टेबलावर ठेवली नाही. खाली वाकून फरशीवर ठेवायला लागला.

या घरातली माणसं एकमेकांशी फारशी मसलत करत नाहीत, पण त्या क्षणी त्यांच्यात जी एकी दिसली ती एखाद्या पलटणीला शोभली असती. आईंनी हातातलं पायपुसणं त्या लादीवर फेकलं. नवऱ्याने पायपुसण्यावर पाय ठेवला. सूनबाई चहाचा ट्रे घेऊन धावली आणि कारागिराच्या नाकाखाली धरून म्हणाली, “आधी चहा घ्या.”

“वहिनी, जरा लेव्हल बघतो ना...”

“चहा निवतोय,” सूनबाई म्हणाली आणि डोळे असे मोठे केले की चहातून वाफ यायची थांबली. मग त्याच डोळ्यांनी तिने आरामखुर्चीकडे पाहिलं. तिथे आप्पा वर्तमानपत्र धरून बसले होते.

कारागिराने आप्पांकडे पाहिलं. फरशीकडे पाहिलं. पाणसळ हळूच बॅगेत गेली. कप उचलताना तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “आमच्याकडे भिंत आहे. वडिलांनी बांधलेली.”

त्या दिवसापासून तो घरचा झाला.

पण टेबलाचं काय? आप्पांचं निदान तयार होतं. ते वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, “पाय लहान-मोठे असणार. कारखान्यातच चुकलंय. हल्ली कोणाला मापाची कदर राहिली नाही. सगळं आपलं अंदाजपंचे.”

“बरोबर आहे आजोबा,” कारागीर म्हणाला आणि त्याने करवत काढली.

खिडकीकडचा पाय किंचित कापला. टेबल शांत झालं. सगळ्यांनी हात लावून पाहिला, नवऱ्याने तर गुडघ्याने ढकलून पाहिलं. अगदी डोंगर. कारागीर गेला, आणि आई म्हणाल्या, “स्वयंपाकघराच्या वाटेत येतंय गं, जरा सरकवू या.” जरासं सरकवलं. टेबल दुसऱ्या मतांच्या लाद्यांवर आलं आणि पुन्हा डुलायला लागलं, यावेळी उलट बाजूने.

कारागीर आला, दाराकडचा पाय कापला. मग खुर्च्या नीट सरकेनात म्हणून टेबल थोडं फिरवलं. तो पुन्हा आला. एकदा रबराचे तुकडे लावले, एकदा ते काढले. दर वेळी आप्पा शेजारी उभे राहून देखरेख करायचे. “हां, आता कसं!” म्हणायचे. दर वेळी टेबल आधीपेक्षा थोडं ठेंगणं व्हायचं. खुर्च्या मात्र होत्या तेवढ्याच. हळूहळू अशी वेळ आली की खुर्चीत बसलेल्या माणसाचे गुडघे टेबलाला खालून लागायला लागले, आणि वांगी कोपऱ्यातली लांबी त्या धक्क्यांनी भुगा होऊन ताटात पडायला लागली. 

“मला तर वाटतं,” वरच्या काकू पाहणी करून म्हणाल्या, “अजून थोडं कापलं की खाली सतरंजी टाकून मस्त बसता येईल. खुर्च्या आम्हाला द्या.”

सूनबाईला हसू आलं नाही. ती हसली.

लेकीने फोनवरून सगळं ऐकलं आणि ती म्हणाली, “अगं आई, पण टेबलाचा काय दोष, आजोबांची फर...”

“रेंज जातेय गं,” म्हणून सूनबाईने फोन ठेवला. आप्पा समोर होते आणि फोन स्पीकरवर होता.

इकडे नवऱ्याचा स्वाभिमान जागा झाला. आपण पैसे मोजलेत, आपण कुणाची खैरात घेतलेली नाही, असं त्याने आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं आणि मग फोन लावला. तीच गोड मुलगी.

“सर, तुमची तक्रार पुढे पाठवण्याआधी काही प्रश्न विचारते. हो किंवा नाही एवढंच सांगा. टेबलावर पाणी सांडलं होतं का?”

“नाही.”

“टेबलावर कोणी चढलं होतं का?”

“नाही. म्हणजे बल्ब बदलायला मी... नाही.”

“टेबल ठेवलंय ती फरशी समतल आहे का?”

आप्पा आरामखुर्चीत होते. पेपराचं पान उलटायचं थांबलं होतं. आईंनी नळ बंद केला. नवऱ्याने घसा खाकरला.

“फरशी उत्तम आहे.”

“समतल आहे का, सर?”

“फार मेहनतीने घातलेली आहे.”

“सर, ‘मेहनतीने’ असा पर्याय नाहीये. हो की नाही?”

नवऱ्याने सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने छताकडे पाहिलं. छत बाकी सरळ होतं. ते गवंड्याने केलेलं होतं.

“हो,” नवरा म्हणाला, एखाद्याने कोर्टात शपथेवर सांगावं तसा.

“धन्यवाद सर. आमचे तपासणी साहेब येतील. तुमचा दिवस चांगला जावो.”

साहेब काही लगेच येत नसतात. त्यांची वाट पाहायच्या काळात घरात एक विचित्र गोष्ट घडली, आणि ती कोणी ठरवून घडवली नाही. 

टेबल डुलायचं थांबवायचा एकच मार्ग उरला होता. चार माणसांनी चार कोपऱ्यांवर एकेक कोपर दाबून धरायचं. चौघांनी धरलं की टेबल गुणी बाळासारखं बसायचं. एकाने जरी कोपर उचललं तरी ते त्याच्या विरुद्ध बाजूला झुकायचं आणि पलीकडच्या माणसाच्या वाटीतलं त्याच्या मांडीवर यायचं. त्यामुळे मधेच उठायची सोय राहिली नाही. वाढायला म्हणून सूनबाईला उठता येईना, मीठ आणते म्हणून आईंना सटकता येईना. सगळं आधीच टेबलावर मांडून ठेवायला लागलं. नवऱ्याला टीव्ही पाहता येईना, कारण टीव्ही त्याच्या पाठीमागे आणि मान वळवली की कोपर सुटायचं. आप्पांची आरामखुर्ची रिकामी पडली.

आणि एकदा कोपरं रोवून बसल्यावर चार माणसं करणार काय? बोलायला लागली.

“मी उठतोय हां,” आप्पा सूचना द्यायचे, “वाट्या धरा.”

“थांबा, थांबा, माझं व्हायचंय,” आई ओरडायच्या.

“आई, तू हळू जेवतेस.”

“इतकी वर्षं उभ्याने जेवले, आता बसल्यावर घाई कशाला करू?”

आई नळाशी अजूनही बोलायच्या, “जेवण नाही, कवायत आहे मेली”, पण ताटं मांडायची वेळ झाली की पहिल्या खुर्चीवर त्याच जाऊन बसायच्या आणि कोपर रोवायच्या. आप्पांनी ऑफिसातले किस्से काढले. काही किस्से आईंनीसुद्धा ऐकलेले नव्हते आणि त्यातला एक त्यांना मुळीच आवडला नाही, त्यावर पुढची दोन जेवणं रंगली. नवरा चांगली नक्कल करतो हे सूनबाईला इतक्या वर्षांनी कळलं. तो फोनवरच्या गोड मुलीची नक्कल करून “आई, तुमचा दिवस चांगला जावो” म्हणाला, तेव्हा आप्पांना एवढं हसू आलं की त्यांचं कोपर सुटलं आणि आईंच्या पदरावर वाटी उपडी झाली. त्यावर सगळे आणखी हसले. कोपरं मात्र कोणी उचलली नाहीत.

सूनबाई त्या दिवशी ओट्यापाशी गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपल्याला आज मागे काही उरलेलं खायचं नाहीये. आपण जेवलोय. गरम जेवलोय. तिने उगीचच पातेलं दोनदा घासलं.

आणि नेमके अशात साहेब आले.

साहेब उंच, गंभीर, गळ्यात ओळखपत्र. बरोबर आपला कारागीर, पण आज त्याचं ते “होऊन जाईल” कुठेतरी राहिलं होतं. खाली रस्त्यावर कंपनीचा टेम्पो उभा होता. साहेबांनी टेबलाला एक बोट लावलं. टेबल डुललं. त्यांनी वांगी कोपरा पाहिला, पाय पाहिले, खाली वाकून रबराच्या खुणा पाहिल्या आणि एक सुस्कारा सोडला.

“बसा सगळे,” ते म्हणाले.

सगळे बसले आणि सवयीने चारही कोपरं जागच्या जागी गेली. साहेब पाचव्या खुर्चीवर बसले. गुडघे मावेनात म्हणून तिरके बसले. ओट्यावरचा चहा कारागिराने आणून मांडला आणि तो भिंतीपाशी उभा राहिला.

“हे बघा,” साहेब म्हणाले, “एवढ्या वेळा दुरुस्त करूनही डुलतंय म्हणजे आमची चूक आहे. मी मान्य करतो. टेबल आम्ही आजच परत नेतो, पैसे तुम्हाला मिळतील.”

“दुसरं द्याल ना पण?” सूनबाईने विचारलं.

“हा नमुना बंद झालाय हो. आणि खरं सांगू का, तुम्हाला टेबल लाभत नाहीये.”

सूनबाईने चार कोपरांकडे पाहिलं. आप्पांचं, सुरकुतलेलं. आईंचं, बांगडीच्या वर पीठ लागलेलं. नवऱ्याचं, शर्टाची बाही तिथे विरलेली. आणि आपलं. टेम्पो गेला की ही चार कोपरं चार दिशांना जाणार. एक आरामखुर्चीत, एक टीव्हीसमोर, एक ओट्यापाशी आणि एक पातेल्याच्या तळाशी.

“कारण लिहायला लागेल,” साहेबांनी कागद पुढे ओढला. “लाकूड चांगलं आहे. सांधे पक्के आहेत. फरशी समतल आहे, असं तुम्ही सांगितलंय...”

नवऱ्याने चहाच्या कपात काहीतरी पडलंय असं दाखवून आत वाकून पाहिलं.

“...म्हणजे राहिला एकच. कारागिराने पाय चुकीचे कापले.” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “याच्या नावावर शेरा पडणार. आधीचाही एक आहे. मग मला याला ठेवता येणार नाही.”

कारागिराने सूनबाईकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा बोलेल. बोलायलाच हवं, याची नोकरी आहे ही. पण तो आप्पांकडे नजर टाकून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला आणि म्हणाला, “लिहा साहेब. माझीच चूक झाली असेल.”

घरात सगळे ज्याचा-त्याचा कप बघत होते. आई टेबलावर नसलेला कण बोटाने टिपत होत्या. सूनबाईच्या घशाशी ते वाक्य आलं होतं. तीन शब्दांचं. ते बोललं तर टेबल राहतं, माणसाची नोकरी राहते. आणि आप्पा उठून आत जातात आणि कदाचित बाहेरच येत नाहीत. मग राहिलेल्या टेबलाला तीन कोपरं घेऊन काय करायचं?

“साहेब,” ती म्हणाली.

“बोला.”

“चहा... चहात साखर ठीक आहे ना?”

“ठीक आहे.”

“नाही, म्हणजे मला म्हणायचं होतं...” तिने साखरेचा डबा पुढे सरकवला. “साहेब, ते टेबल जिथे आहे ना, त्याच्या खाली...”

“खाली काय?”

“खाली हवा फार येते,” आई घाईघाईने म्हणाल्या. “वारा सुटतो.”

“टेबल वाऱ्याने डुलतंय?” साहेबांनी पेन थांबवून विचारलं.

“कधी कधी,” नवरा म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला स्वतःलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी मान हलवली आणि कागदावर वाकले. पेन टेकणार, तेवढ्यात समोरचा चहा त्यांच्या दिशेने निघाला. कप घसरला, बशी घसरली, साखरेचा डबा घसरला. आप्पांनी कोपर उचललं होतं. नुसतं कोपर नाही. आप्पा उभेच राहिले होते.

“वाट्या धरा!” आई सवयीने ओरडल्या.

पण आप्पा आत गेले नाहीत. ते टेबलाला वळसा घालून भिंतीशी गेले, कारागिराच्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांना म्हणाले, “ते लिहू नका. टेबल चांगलं आहे. ह्या पोरानेही जे सांगितलं ते केलंय.”

“मग दोष कशाचा, आजोबा?”

आप्पांनी एकदा खाली पाहिलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, लादी-लादीवरून नजर फिरवली, ओळखीच्या माणसांकडे पाहावं तशी. मग मिशीतल्या मिशीत हसले.

“फरशी वाकडी आहे,” आप्पा म्हणाले. “मी घातलीय. पहिल्या दिवसापासून वाकडी आहे. मी वाट बघत होतो, घरचं कोणीतरी म्हणेल, कोणीतरी म्हणेल. पण ह्या घरात एकाच्या तोंडून खरं निघेल तर शपथ!”

साहेबांच्या मांडीवरून चहा टपटप गळत होता.

पहिल्या आई सावरल्या. त्यांनी पदर खोचला, कंबरेवर हात ठेवले आणि इतक्या वर्षांनी, नळाकडे नाही, थेट आप्पांच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या :

“आता सांगताय? अहो, मी सिमेंट कालवतानाच म्हणणार होते!”